साथीच्या काळात गरीब देशांना मदत जाहीर झाली की तिचा हिशोब कसा लावायचा

आपल्या इकडच्या माणसाला पॅकेज काही नवीन नाही. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, अन् तेव्हापासून पारावरचा म्हातारा बी पेपर वाचून पहिले हेच विचारते, जाहीर झालं ते ठीक आहे बापा, पण खात्यात काय आलं? जागतिक साथीत श्रीमंत देश गरीब देशांना मदत जाहीर करतात ना, त्या बातम्याही बरोबर याच प्रश्नानं वाचायच्या. आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत एमपीएससीची पोरं पाठ करतात, कोव्हॅक्स (गरीब देशांनाही कोरोनाची लस मिळावी म्हणून काढलेली जागतिक योजना) म्हणजे डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना), 'गावी' (Gavi, गरीब देशांना लस पुरवणारी संस्था) आणि 'सेपी' (CEPI, नव्या लसींच्या संशोधनाला पैसा देणारी संस्था), लस पोचवायचं काम युनिसेफकडं. एक मार्क मिळते त्याचा, पण मदत झाली की नाही झाली ते काही त्यातून कळत नाही. म्हणून कोरोनातली उदाहरणं घेऊन इथं लिहून ठेवतो, पुढच्या साथीत कामाला येईल.

तं सगळ्यात पहिले एक वही घ्या अन् चार रकाने पाडा: कबूल, निघालं, पोचलं, टोचलं. बातमीत आकडा दिसला की तो कोणत्या रकान्यातला आहे ते ठरवल्याशिवाय पुढं जाऊच नका. नव्वद टक्के मथळे पहिल्या रकान्यातले असतात राजेहो. जून २०२१ मध्ये जी-७ म्हणजे सात श्रीमंत देशांची इंग्लंडात बैठक झाली, पुढच्या वर्षभरात ८७ कोटी डोस देऊ म्हणाले, पेपरभर फोटो. हा कबूलचा रकाना. आता कोव्हॅक्सचं घ्या, २०२१ संपेपर्यंत २०० कोटी डोस द्यायचं ठरलं होतं अन् १०० कोटीवा डोस निघाला जानेवारी २०२२ च्या मध्यात, म्हणजे मुदत संपून गेली तेव्हा निम्मं काम झालं होतं. शेवटी २०२३ च्या डिसेंबरात कोव्हॅक्स बंद झालं तेव्हा १४६ देश-प्रदेशांत मिळून जवळपास २०० कोटी डोस गेले होते. म्हणजे आकडा भरला, पण दोन वर्षं उशिरा, अन् साथीत उशीर म्हणजे काय ते २०२१ च्या एप्रिलमध्ये बेडसाठी नागपूरले गाडी पळवलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. २०२१ च्या शेवटी सगळ्यात गरीब देशांत शंभरातल्या दहा लोकांनाही पहिला डोस मिळालेला नव्हता, इकडं श्रीमंत देशांत बूस्टर सुरू झाले होते.

म्हणून आकड्यासोबत तारीख लिहा. दोन तारखा, माल कधी आला ती अन् माल कधी एक्स्पायर होते ती. ही दुसरी कोणी पाहतच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नायजेरियानं अबुजाजवळ १० लाखाहून जास्त डोस नष्ट केले, काहून? तं दान आलं तेव्हाच त्याची मुदत संपायला काही आठवडे उरले होते, एवढ्या दिवसात ते विमानतळावरून खेड्यात कधी न्यायचे अन् टोचायचे कधी. देणाऱ्याच्या वहीत मात्र ते 'दिले' म्हणूनच राहिले. त्याच्या आधीच नोव्हेंबरमध्ये आफ्रिकेच्या संस्थांनी अन् कोव्हॅक्सनं मिळून सांगितलं होतं की माल पोचेल तेव्हा किमान १० आठवडे मुदत उरलेली पाहिजे. हा १० आठवड्याचा आकडा वहीच्या कव्हरवरच लिहून ठेवा, पुढच्या वेळी दानाची बातमी आली की पहिले तो लावून पाहा. थंडाव्याचंही तसंच. कोव्हिशिल्ड २ ते ८ डिग्रीत राहते, म्हणजे आपल्या पीएचसीतल्या आयएलआर म्हणजे लस ठेवायच्या फ्रीजमध्ये बसते, पण फायझरची लस सुरुवातीला उणे ७० च्या आसपास ठेवा म्हणत होते, तेवढा थंडावा ज्या देशात नाही त्याले ती फुकट देऊन काय उपयोग? लसीसोबत फ्रीज, सिरिंज, टोचणारी नर्स यांचा पैसा दिला का, हे विचारा.

आता पैशाचं. हा भाग आपल्या लोकांनी सगळ्यात नीट वाचावा कारण यात आपला हात कोणी धरू शकत नाही. बातमीत 'गरीब देशांना कर्जात दिलासा' असं दिसलं की कर्जमाफी आहे का पुनर्गठन आहे ते पाहा. पुनर्गठन म्हणजे काय हे सोसायटीच्या सचिवाले विचारायची आपल्याकडं गरज नाही, हप्ता पुढं गेला, कर्ज तिथंच. जी-२० नं, म्हणजे मोठ्या अर्थव्यवस्थांच्या गटानं, मे २०२० ते डिसेंबर २०२१ नेमकं हेच केलं, ७३ देश पात्र होते, ४८ नं भाग घेतला, १२९० कोटी डॉलरचे हप्ते पुढं ढकलले. माफ नाही, ढकलले. त्यातही खाजगी सावकारांनी, म्हणजे बॉण्ड घेतलेल्या फंडांनी, हात वरच ठेवले. तरी मी याले फालतू म्हणणार नाही, साथीच्या वर्षात हप्ता टळला म्हणजे औषधाला पैसा उरला, पण मथळ्यात 'दिलासा' अन् वहीत 'पुनर्गठन' असंच लिहायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये आयएमएफनं (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) ६५,००० कोटी डॉलरचे एसडीआर, म्हणजे गरजेला डॉलरसारख्या चलनात बदलून घेता येणारी राखीव ठेव, देशांना वाटले, ते मात्र कर्ज नव्हतं, चांगली गोष्ट. पण वाटप कसं? ज्याचा आयएमएफमध्ये कोटा म्हणजे हिस्सा मोठा त्याले जास्त. सगळ्यात गरीब देशांच्या वाट्याले आले २,१०० कोटी. एकूण आकडा दिसला की भागिले कसं केलं ते शोधायचं ते यासाठी.

पुढचं काम थोडं अवघड आहे, कारण त्यात आपणही येतो. माल कुठं बनते अन् कुठं अडते ते पाहा. २४ फेब्रुवारी २०२१ ला कोव्हॅक्सची पहिली खेप घानात उतरली, ६ लाख डोस, सगळे आपल्या पुण्याच्या सीरममध्ये बनलेले. त्याच दिवसात अमरावतीत लॉकडाऊन लागलं होतं, मग देशभर दुसरी लाट आली अन् भारतानं निर्यात थांबवली, ती कोव्हॅक्ससाठी पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. आपल्या गावात कॅम्प लागले त्या महिन्यांत आफ्रिकेतल्या नर्सा दुसऱ्या डोसची वाट पाहत होत्या. मला विचाराल तं सरकारनं तेव्हा दुसरं काही करणं कठीणच होतं, पण सगळ्या जगाचा माल एकाच कारखान्यावर टेकवणारी योजना कच्ची होती हे कबूल करा ना. म्हणून मदत तपासताना लस दिली का एवढंच नाही, लस बनवायची परवानगी अन् विद्या दिली का, हेही पाहायचं. भारत अन् दक्षिण आफ्रिकेनं २ ऑक्टोबर २०२० लाच डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) मागितलं होतं की कोरोनाच्या लस, औषध, तपासणी या सगळ्यांवरचे पेटंटचे नियम साथीपुरते सैल करा. निर्णय झाला जून २०२२ मध्ये, तोही फक्त लसींपुरता, तोवर लसीची टंचाईच संपत आली होती.

अन् हो, गरीब देश फक्त घेतात असं धरून बसू नका. मे २०२१ मध्ये केनियानं आपल्याकडं १२ टन चहा, कॉफी अन् शेंगदाणे पाठवले, साथीत राबणाऱ्या लोकांसाठी. काही जण व्हॉट्सअपवर हसले. त्याले काय म्हणावं.

पुढच्या साथीसाठी आता एकच कागद पाहून ठेवा. २० मे २०२५ ला जिनिव्हात डब्ल्यूएचओच्या सभेनं साथीचा करार मंजूर केला. त्यात असं आहे की साथ आली की यात सामील झालेल्या कंपन्यांनी लस-औषधाच्या चालू उत्पादनातला २० टक्के माल डब्ल्यूएचओला मिळवून द्यायचा, त्यातला निदान अर्धा फुकट, बाकी परवडेल अशा भावात. पण हे ज्या परिशिष्टावर, म्हणजे कराराला जोडायच्या नियमांच्या पुरवणीवर, चालणार ते पुढं ठरवू म्हणून ठेवलं होतं, अन् करार लागू व्हायला ६० देशांची मंजुरी पाहिजे. तेव्हा कोणी ग्रुपवर 'आता २० टक्के लस गरिबांना मिळणार' असं टाकलं की त्याले दोनच गोष्टी विचारायच्या, परिशिष्ट झालं का अन् ६० पैकी किती देश झाले. उत्तर आलं नाही तं ते कबूलच्या रकान्यात टाका, तारीख घाला अन् खालची जागा रिकामी सोडा.