‘ब्रिज’ शिकवायचाय? आधी आयर्विन पुलावर चला

सांगलीत मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ‘ब्रिज म्हणजे पूल’ एवढं वहीत उतरवून घेतलं की मुलाचा त्या शब्दाशी संबंधच संपतो. म्हणून आईवडिलांनो, घरी शिकवताना तिथं थांबू नका.

आधी खरा पूल दाखवा. आपला आयर्विन 1929 पासून कृष्णेवर उभा आहे. हा काय करतो, असं विचारा. ‘गाड्या जातात’ हे उत्तर चालवून घेऊ नका. दोन काठ जोडतो आणि मधल्या अडचणीवरून पार नेतो, हे मुलाच्या तोंडून यायला हवं. बाकीचे बहुतेक अर्थ यातूनच फुटतात.

मग वस्तू. चष्म्याच्या दोन काचा जोडणारी दांडी ब्रिज, ती टेकते तो नाकाचा भागही ब्रिज. दातांचा ब्रिज तर आजीलाही ठाऊक असतो. पण खरी मजा मिरजेत. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांकडं मुलाला जरूर न्या. तंबोऱ्याच्या तबलीवरची, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या पातळ लाकडी फळीवरची, घोडी म्हणजे इंग्रजीतला ब्रिज. तारा तिच्यावरून जातात आणि त्यांची थरथर तिच्यातून तबलीत उतरते. कारागिराला विचारून तार छेडू द्या, तबलीवर हलकेच बोट टेकवायला सांगा. थरथर बोटाला लागली की हा पूल काय पार नेतो ते सांगावं लागत नाही. पत्त्यांचा ब्रिज मात्र यात आणू नका, शब्दकोशात त्याची नोंदच वेगळी असते.

आता लाक्षणिक अर्थ. ‘ब्रिज द गॅप’ सोपं आहे. करोनात मागं पडलेला अभ्यास भरून काढायला 2021 मध्ये शाळांत सेतू अभ्यासक्रम आला होता, त्याचीच आठवण द्या.

‘बर्न युअर ब्रिजेस’ला आपण ‘परतीचे दोर कापणे’ म्हणतो, पण छटा वेगळी. आपल्या दोरांमागं सिंहगड आहे, जिद्द आहे. इंग्रजीत बहुधा नातं तोडून स्वतःचीच वाट बंद केल्याचा सूर असतो. नोकरी सोडताना साहेबाशी भांडणाऱ्याचं उदाहरण द्या.

सर्वांत जास्त वेळ ‘वॉटर अंडर द ब्रिज’ला द्या, कारण सांगलीची मुलं इथं हमखास चकतात. पावसाळ्यात घराघरात एकच प्रश्न असतो: आयर्विनला किती फूट? 40 ला इशारा, 45 ला धोका, आणि 2019 चं पाणी तर 57 च्या पुढं. त्यामुळं पुलाखालचं पाणी म्हटलं की मुलांना संकट दिसतं. त्यांचं काही चुकत नाही, पण इंग्रजीतलं पाणी चढणारं नव्हे, वाहून गेलेलं. वहीत पूल काढून घ्या, बाण खालच्या अंगाला दाखवा आणि शेजारी लिहा: ‘झालं गेलं गंगेला मिळालं.’ मग क्रिकेटवरून भांडलेल्या दोन मित्रांचा समेट लिहायला सांगा, शेवटचं वाक्य ‘इट्स ऑल वॉटर अंडर द ब्रिज नाऊ’ असायला हवं.

‘वुई विल क्रॉस दॅट ब्रिज व्हेन वुई कम टू इट’ मात्र समजावू नका. एवढं झाल्यावर त्याचा अर्थ मुलालाच सांगू द्या.