स्पोर्ट्स कारच्या केबिनमध्ये शिरणारी एक्झॉस्टची उष्णता कशी रोखावी

गोव्याहून बेळगावकडे परतताना साखळी मागे पडली की चोर्ला घाटाची चढण सुरू होते. कणकुंबीपर्यंत गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असते, इंजिनावर भार भरपूर असतो आणि वेग मात्र बेताचा. म्हणजे एक्झॉस्टमध्ये उष्णता सर्वाधिक तयार होते, नेमक्या त्याच वेळी ती वाहून नेणारा गाडीखालचा वारा सर्वात कमी असतो. साध्या हॅचबॅकमध्ये हे फारसे जाणवत नाही. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र चालक जमिनीलगत बसतो, त्याची डावी मांडी गिअरबॉक्सच्या टनेलला, म्हणजे दोन सीटांमधल्या पत्र्याच्या उंचवट्याला, जवळजवळ टेकलेली असते आणि त्याच टनेलखालून एक्झॉस्टचा पाइप मागे जातो. केबिन लहान असल्यामुळे आलेली उष्णता पसरायला जागाही नसते. एसी पूर्ण सोडूनही घोट्याला आणि मांडीला चटका बसत असेल, तर दोष एसीचा नसून उष्णतेच्या वाटेचा आहे, आणि ती वाट शोधल्याशिवाय एकही साहित्य विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहुतेक जण सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. कार्पेट उचलून खाली चकाकत्या कागदाची ब्युटाइल मॅट चिकटवली जाते, पैसे खर्च होतात आणि फरक नावापुरताच पडतो. ही मॅट मुळात पत्र्याचे कंपन आणि आवाज कमी करण्यासाठी असते. उष्णता अडवण्याची तिची क्षमता मर्यादित आहे. उष्णता टनेलच्या पत्र्यापर्यंत पोहोचूच नये हे पहिले काम आहे, आणि ते गाडीच्या खालून करायचे असते.

त्याआधी एक वेगळा संशय दूर करावा. अनेकदा जिचा दोष एक्झॉस्टवर ढकलला जातो, ती उष्णता प्रत्यक्षात हीटरची असते. डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरमध्ये इंजिनचे गरम पाणी फिरते; त्याचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल किंवा हवेची झडप अर्धवट उघडी राहत असेल, तर चालकाच्या पायांशी सतत ऊब येत राहते. इंजिन थंड असताना हीटरकडे जाणारा होज गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने तात्पुरता दाबून ठेवावा, तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवत एक छोटी फेरी मारावी आणि फरक पाहावा. पाय थंड राहिले, तर दुरुस्ती तिथेच करायची आहे. जुन्या गाडीचा होज कडक झाला असेल, तर मात्र तो दाबू नये, कारण तो चिरण्याची शक्यता असते.

दुसरा शोध भोकांचा. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीतून, वायरिंग, क्लचची केबल किंवा पाइप आणि स्टिअरिंगचा दांडा आत येतो; टनेलमधून गिअर लिव्हर आणि हँडब्रेकची केबल येते. या प्रत्येक ठिकाणी रबराचे ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) किंवा बूट (घड्यांचे आवरण) असते आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक होऊन फाटते. गिअर लिव्हरवरचे चामड्याचे आवरण काढून त्याखालचा रबरी बूट बोटांनी ताणून पाहावा. वरून तो धडधाकट दिसतो, पण त्याच्या घड्यांच्या तळाशी बारीक चिरा पडलेल्या असतात आणि गिअर खाली ओढला की त्या उघडतात. त्यातून येणारी हवा थेट मनगटावर लागते. रात्री अंधारात गाडीखाली बॅटरी लावून आतून प्रकाशाचे ठिपके शोधणे ही सर्वात सोपी तपासणी आहे. इंजिन बंद ठेवून ब्लोअर पूर्ण वेगाने लावावा आणि प्रत्येक जोडाजवळ पेटती उदबत्ती धरावी. धूर कुठे ओढला किंवा ढकलला जातो ते लगेच कळते. फाटकी ग्रोमेट बदलावीत आणि उरलेल्या फटी उच्च तापमान सहन करणाऱ्या सिलिकॉनने बुजवाव्यात.

हे काम आरामापुरते नाही, ते जिवाशी निगडित आहे. जिथून गरम हवा आत येते तिथून एक्झॉस्टचा वायूही येऊ शकतो, आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. घाटात डोके जड होणे, मळमळणे किंवा विनाकारण झोप येणे ही त्याची लक्षणे असू शकतात. तसे वाटल्यास गाडी थांबवून बाहेर मोकळ्या हवेत यावे. म्हणून उष्णतारोधक साहित्य लावण्याआधी एक्झॉस्टची गळती तपासणे अनिवार्य आहे. इंजिन थंड असताना मोकळ्या जागेत ते सुरू करावे, दुसऱ्या माणसाने जाड कापडाने सायलेन्सरचे टोक काही क्षण दाबावे आणि आपण प्रत्येक फ्लँजजवळ, म्हणजे पाइपच्या बोल्टने आवळलेल्या जोडाजवळ, फुसफुस ऐकावी. साबणाचे पाणी फवारल्यास बुडबुडेही दिसतात. मॅनिफोल्डच्या (इंजिनातून निघणारा वायू एका पाइपात आणणाऱ्या भागाच्या) पॅकिंगभोवती काजळीची काळी रेघ असेल, तर गळती तिथे आहे यात शंका नाही. सायलेन्सरचे टोक मागच्या बंपरच्या आत राहिलेले नसावे, कारण धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि डिकीच्या रबरातून धूर परत आत ओढला जातो.

इंजिनची प्रकृतीही पाहून घ्यावी. इग्निशनचे टायमिंग मागे पडले असेल, प्लग मिसफायर करत असेल किंवा एक्झॉस्टमधील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असेल, तर एक्झॉस्ट नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तापतो.

आता मुख्य काम. भाराखाली पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमधील वायूचे तापमान साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. तापलेला पाइप टनेलला स्पर्श न करताही त्याला तापवतो, कारण उष्णता किरणांच्या रूपाने जाते आणि हे उत्सर्जन निरपेक्ष (केल्विनमधील) तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. पाइपचा पृष्ठभाग ३०० अंशांवरून ४०० अंशांवर गेला, तर उत्सर्जन जवळजवळ १.९ पट होते. घाटात त्रास एकदम का वाढतो, याचे उत्तर या आकड्यात आहे. पाइप आणि टनेल यांच्यामध्ये चकाकता पत्रा आला की तो बहुतांश किरणे परतवतो, आणि म्हणून हीट शील्ड हा सर्वात परिणामकारक उपाय ठरतो. बाजारातील फ्री-फ्लो (वायूला कमी अडथळा करणारा) एक्झॉस्ट बसवताना कंपनीची मूळ शील्ड अडचण म्हणून काढून टाकली जाते आणि परत लावली जात नाही. तुमच्या गाडीत तसे झाले असेल, तर पहिल्यांदा ती मिळवून बसवावी.

ती मिळत नसेल, तर बनवून घेण्याच्या बाबतीत बेळगावकर सुदैवी आहेत. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा कापणे, वाकवणे, कडा दुमडणे ही रोजची कामे आहेत, फक्त आपण कार्डबोर्डचा नेमका साचा घेऊन जायला हवे. ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा मऊ अॅल्युमिनिअमचा पत्रा पाइपच्या लांबीसाठी पुरतो. कन्व्हर्टरच्या अगदी जवळ मात्र स्टेनलेस स्टीलचा पत्रा घ्यावा, कारण अॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते आणि त्याच्या बरेच आधी नरम पडते. पत्रा टनेलला चिकटवून लावल्यास त्याचा निम्मा उपयोग वाया जातो. त्याच्या आणि टनेलच्या मध्ये १० ते २० मिलिमीटर मोकळी जागा हवी, आणि ती पुढून व मागून उघडी हवी, म्हणजे धावत्या गाडीत तिच्यातून वारा वाहत राहील. ही जागा राखण्यासाठी स्टीलच्या नळीचे छोटे तुकडे बोल्टमध्ये घालावेत. टेकण्याच्या जागा जितक्या कमी, तितकी वहनाने जाणारी उष्णता कमी. इंजिन माउंटिंगवर हलते आणि त्याच्याबरोबर पाइपही हलतो, म्हणून पाइप व शील्ड यांच्यात किमान १५ मिलिमीटर अंतर ठेवावे, अन्यथा खडखड सुरू होईल. गाडी खाली जाण्याइतकी उचलताना केवळ जॅकवर विसंबू नये; मजबूत स्टँड लावावेत, बॅटरीची तार काढावी आणि ड्रिल मारण्यापूर्वी त्या जागेवरून पेट्रोलचा किंवा ब्रेकचा पाइप जात नाही ना, हे स्वतः पाहावे.

पाइपभोवती गुंडाळण्याच्या फायबरग्लास किंवा बेसाल्टच्या पट्टीविषयी मी आपल्या भागापुरता सावध आहे. ती उष्णता पाइपच्या आत कोंडते आणि बाहेरचा पृष्ठभाग निश्चितच थंड ठेवते. पण खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी सतत खालून उडते, पट्टी ते धरून ठेवते आणि साध्या लोखंडी पाइपला आतल्या आत गंज खातो. ओतीव मॅनिफोल्डला तर ती अजिबात गुंडाळू नये; कोंडलेल्या उष्णतेने त्याला तडे जाऊ शकतात. स्टेनलेस स्टीलच्या पाइपवर आणि केवळ चालकाच्या पायाजवळच्या भागापुरती ती वापरता येईल. गुंडाळताना हातमोजे आणि मास्क घालावा, प्रत्येक फेर आधीच्या फेरावर थोडा चढवावा, टोके स्टेनलेसच्या पट्ट्यांनी बांधावीत, आणि कन्व्हर्टर व ऑक्सिजन सेन्सर मोकळे सोडावेत. तेल किंवा ब्रेक फ्लुइड गळत असलेल्या जागेजवळ ही पट्टी पेट घेऊ शकते. खर्चाची तयारी असल्यास मॅनिफोल्डवरचे सिरॅमिक कोटिंग अधिक टिकाऊ ठरते.

एवढे झाल्यावरच आतील थराकडे वळावे. सीट आणि कार्पेट काढून पत्रा स्वच्छ करावा, गंज असल्यास तो आधी हाताळावा, आणि टनेल, पाय ठेवण्याची जागा व फायरवॉल येथे ६ ते १० मिलिमीटर जाडीचा बंद पेशींचा, आग न पकडणारा फोम बसवावा. पाणी शोषणारा साधा स्पंज किंवा नमदा पावसाळ्यात कुजतो. डांबरी मॅट टनेलवर लावू नये, ती तापली की नरम पडून वास सोडते. इंजिन सीटच्या मागे असलेल्या गाडीत मागची भिंत आणि तिच्यावरच्या तपासणीच्या झाकणाचे रबर यांना प्राधान्य द्यावे. गोव्यात बनलेल्या सान स्टॉर्मसारख्या फायबरग्लासच्या बॉडीत शील्डचे महत्त्व आणखी वाढते, कारण त्यातील रेझिन सततच्या तापाने कमकुवत होते.

बोनेट मागच्या कडेला वॉशर घालून उचलण्याची पद्धत इथेही दिसते, तिचा उल्लेख केलाच पाहिजे. वेगात असताना काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे गरम हवा त्या फटीतून अपेक्षेप्रमाणे बाहेर पडत नाही. संथ वेगात ती बाहेर येते, पण केबिनमध्ये हवा घेणारी जाळी तिथेच असते आणि इंजिनची ऊब थेट आत ओढली जाते. बोनेटच्या मागच्या कडेचे रबर जागेवर आणि अखंड असणे हेच हिताचे आहे. कन्व्हर्टर काढून टाकल्याने उष्णता कमी होईल, हा सल्लाही ऐकू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही आणि पीयूसीतही गाडी अडकते.

फरक मोजताना इन्फ्रारेड थर्मामीटर चकाकत्या पत्र्यावर रोखू नये, कारण असा पृष्ठभाग स्वतः फार कमी किरणे सोडतो आणि आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी दिसतो. आतल्या कार्पेटवर ठरावीक जागी कागदी टेपचा तुकडा लावून काम करण्यापूर्वी आणि नंतर तिथेच मोजावे, आणि दोन्ही वेळी बाहेरचे तापमान व रस्ता सारखाच ठेवावा. महामार्गावरून निपाणीजवळचा तवंदी घाट चढून जावे, गाडी सुरक्षित जागी बाजूला उभी करावी, आणि इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा एकदा मोजावे. वारा थांबल्यावर साठलेली उष्णता वर चढते आणि उरलेली कमतरता तेव्हाच उघडी पडते. उसाच्या हंगामात निपाणी-चिक्कोडीकडे गाडी रस्त्याच्या कडेला पाचटावर उभी करू नये, आणि शील्डच्या वर अडकलेले पाचट दर आठवड्याला वाकून काढावे, कारण तापलेल्या कन्व्हर्टरमुळे ते पेटू शकते. पहिल्या काही लांब फेऱ्यांनंतर शील्डचे सर्व बोल्ट, गाडी पूर्ण थंड झाल्यावर, पुन्हा आवळून घ्यावेत.