डायलिसिसवरील रुग्णाची त्वचा घरी कशी तपासावी

अनेक वर्षे डायलिसिसवर असलेल्या रुग्णाची मांडी किंवा पोट आगीसारखे दुखू लागले, अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसवेना आणि वरून मात्र फारसे काही दिसत नसले, तर ते दुखणे अंगावर काढू नये. त्वचा आणि तिच्याखालच्या चरबीतील बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचून रक्तपुरवठा तुटू लागल्याची ती खूण असू शकते. या विरळ, पण जिवावर बेतणाऱ्या आजाराला कॅल्सिफिलॅक्सिस म्हणतात.

आठवड्यातून एकदा, चांगल्या उजेडात, पोटाची घडी, मांड्या, नितंब आणि पोटऱ्या पाहाव्यात. स्त्रियांना हा आजार अधिक होतो, आणि निऱ्यांखालचा भाग संकोचामुळे नेमका पाहायचा राहून जातो. जांभळट जाळीसारखी नक्षी दिसते का, बोटांनी हलकेच चाचपल्यावर त्वचेखाली कडक, दुखरा चकदा लागतो का, हे पाहावे. तसे काही असल्यास शेजारी एक रुपयाचे नाणे धरून मोबाइलवर फोटो काढावा, म्हणजे पुढच्या वेळी डाग वाढला की नाही यावर वाद राहत नाही. तेथे तेल चोळू नये, शेक देऊ नये, इन्सुलिनही टोचू नये. काळी खपली धरली किंवा ताप आला, तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण या आजारात बरेच मृत्यू जखमेतील जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याने होतात.

गोळ्यांची पिशवीही डॉक्टरांपुढे रिकामी करावी. वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचू न देणारे, के जीवनसत्त्वावर अवलंबून असलेले प्रथिन निकामी होते. तरीही ती गोळी आपल्या मनाने बंद करणे तितकेच धोक्याचे आहे. ‘हाडांसाठी’ म्हणून दुकानातून आणलेल्या कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय मुळीच देऊ नयेत. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवतानाच घ्यावी. उपाशीपोटी घेतली तर अन्नातले फॉस्फरस ती अडवणार कशी?

कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच (रक्तातील कॅल्शियम सांभाळणारे संप्रेरक) यांचे आकडे ठीक असतानाही हा आजार होऊ शकतो, म्हणून रिपोर्ट चांगला आहे एवढ्यावर समाधान न मानता दुखरी जागा उघडून दाखवावी आणि डॉक्टरांना आजाराचे नाव घेऊनच विचारावे.