इंग्लंडच्या खेड्यांतून सायकल टूर करताय? या चुका टाळा

सायकलवर सामान लादून इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून हिंडायचं ठरलं की पहिली अट असते, ‘गाड्या अजिबात नकोत’. घोळ तिथूनच सुरू होतो. गाड्यांना बंदी असलेली वाट वेगळी आणि गाडी क्वचितच फिरकते असा डांबरी रस्ता वेगळा. चार-सहा दिवसांची टूर असेल तर तिचा मोठा भाग दुसऱ्या प्रकारच्या रस्त्यांवरच जातो. खरं सांगायचं तर मजाही तिथेच जास्त आहे.

फक्त वाहनमुक्त वाटांचा हट्ट

वाहनमुक्त वाटांत सर्वांत लोकप्रिय म्हणजे जुने रेल्वेमार्ग. तोट्यातले मार्ग बंद करा असं सुचवणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैल रेल्वे बंद झाली आणि रूळ काढलेल्या काही मार्गांवर पुढे सायकलवाटा झाल्या. ब्रिस्टल ते बाथ ही १३ मैलांची वाट, कॉर्नवॉलमधली कॅमल ट्रेल, डर्बीशरमधली मॉन्सल ट्रेल ही त्यातली ठळक नावं. आगगाडीसाठी आखलेल्या असल्यामुळे चढ अगदी सौम्य. पण बहुतेक वाटा अर्ध्या दिवसात संपतात, आणि ऑगस्टमधल्या शनिवारी दुपारी कॅमल ट्रेलवर भाड्याच्या सायकली, लहान मुलांचे ट्रेलर आणि लांब दोरीची कुत्री यांतून वाट काढण्यात जीव मेटाकुटीला येतो. अशी वाट सकाळी नऊच्या आत पार करा, नाहीतर सरळ शेजारच्या गावरस्त्याने जा.

कालव्याकाठच्या वाटांचंही तसंच. रीडिंगहून बाथकडे जाणाऱ्या केनेट अँड एव्हन कालव्याचा काठ देखणा आहे, पण काही ठिकाणी अरुंद आणि पावसानंतर चिखलाचा. शिवाय पायी चालणाऱ्यांना आधी वाट द्यायची असते. तिथे वेळ गाठण्याचं गणित मांडू नका.

निळ्या पाटीवर आंधळा विश्वास

निळी पाटी, पांढरी सायकल, लाल चौकोनात आकडा: ही नॅशनल सायकल नेटवर्कची खूण. या जाळ्याचा अर्ध्याहून जास्त भाग गाड्यांच्याच रस्त्यांवरून जातो, हे अनेकांना तिथे पोचल्यावर कळतं. २०२० मध्ये हे जाळं उभारणाऱ्या सस्ट्रान्स या संस्थेने जाळ्याचा जवळपास चौथा हिस्सा वगळला किंवा त्याचा दर्जा बदलला, कारण तिथली वाहतूक त्यांनाच झेपण्यापलीकडची वाटली. त्यामुळे मित्राने दिलेला दहा वर्षांपूर्वीचा छापील नकाशा असेल तर तो आधी ताज्या नकाशाशी ताडून घ्या.

आणखी एक बारकावा. आकडा कंसात असेल तर तुम्ही त्या मार्गावर नसता, त्याच्याकडे नेणाऱ्या रस्त्यावर असता. दोन चौक गेले तरी पाटी दिसली नाही, तर पुढे रेटू नका. शेवटच्या पाटीपर्यंत मागे या.

तुटक रेघ दिसली की सायकल घालणं

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या एक्सप्लोरर नकाशावर (१:२५,०००) हिरव्या तुटक रेघांचं जाळं असतं. आखूड तुकड्यांची रेघ म्हणजे फुटपाथ. ती फक्त चालणाऱ्यांची, तिथे सायकल चालवायचा हक्क नाही. लांब तुकड्यांची रेघ म्हणजे ब्रायडलवे. घोडेस्वारांच्या या वाटांवर १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्याने सायकलींना मुभा मिळाली, मात्र चालणारे आणि घोडेस्वार यांना आधी जाऊ द्यायचं. प्रत्यक्ष वाटेवर पिवळा बाण असेल तर फुटपाथ, निळा असेल तर ब्रायडलवे.

लांब पल्ल्याच्या अधिकृत वाटांना दिलेल्या ‘नॅशनल ट्रेल’ या नावाला भुलू नका. विंचेस्टर ते ईस्टबोर्न ही १०० मैलांची साउथ डाउन्स वे सायकलला पूर्ण खुली आहे. रिजवे या वाटेचा पश्चिमेकडचा अर्धा भाग सायकलला चालतो, पण थेम्स ओलांडून पूर्वेला गेलात की बराच भाग फुटपाथ लागतो. कॉट्सवोल्ड वे तर मुख्यतः चालणाऱ्यांचीच.

हक्क आहे म्हणजे वाट चालवण्याजोगी आहे असंही नाही. हिवाळ्यात ससेक्सच्या चिकणमातीत मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये चिखल बसून सायकल जागची हलत नाही. ओला चुनखडक तर साबणासारखा निसरडा. भरलेल्या पॅनियरसह (कॅरिअरच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्या) ब्रायडलवेवर नेहमीचा निम्मा वेग धरून दिवस आखा. ॲपने अशा वाटेवर घातलंच, तर सायकलमार्ग आखून देणाऱ्या सायकलस्ट्रीट्सवर ‘शांत’ पर्याय निवडून किंवा सायकल डॉट ट्रॅव्हलवर तोच टप्पा पुन्हा आखून बघा.

शांत रस्ता ओळखता न येणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. त्याच नकाशावर गावरस्ते पिवळ्या रेघेने दाखवतात, त्यांतले अरुंद चार मीटरांहूनही कमी रुंदीचे. पण सगळ्या पिवळ्या रेघा सारख्या नसतात. एखादी रेघ ए रोडला, म्हणजे मोठ्या मुख्य रस्त्याला, समांतर, दोन शहरांना थेट जोडत जात असेल, तर सकाळ-संध्याकाळ कामावर जाणारे लोक सिग्नल चुकवायला तीच वापरतात. उलट जी रेघ वळसे घेत एका चर्चपाशी, एका शेतघरापाशी रेंगाळते आणि कुणालाच लवकर कुठे पोचवत नाही, ती आपली. उपग्रह चित्रात रस्त्याच्या मधोमध गवताची पट्टी दिसली तर तो रस्ता डोळे झाकून निवडा.

पिवळ्या दोन रेघा ए रोडच्या दोन बाजूंना थोड्या सरकून जुळत असतील, तर मधले शंभर मीटर मोठ्या रस्त्यावरून जावं लागतं. टूर आखताना असे सांधे आधी शोधा. तिथे पोचल्यावर वाहतूक जड वाटली तर उतरून कडेने ढकलत न्या.

पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ दिसली की ‘वेगमर्यादा संपली’ असं वाटतं. प्रत्यक्षात साध्या दुपदरी रस्त्यावर तिचा अर्थ ताशी ६० मैल, आणि डेव्हनमधल्या उंच झुडपी कुंपणांच्या एका गाडीपुरत्या रस्त्यावरही कागदोपत्री तीच मर्यादा. म्हणून आंधळ्या वळणावर कुंपणाला चिकटू नका, समोरच्याला दिसाल इतकं रस्त्याच्या मध्याकडे या. समोरून ट्रॅक्टर आला तर डावीकडच्या रुंद जागेत थांबा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे ही सवय नव्याने लावावी लागत नाही. घोडा दिसला तर मात्र मागून एकदम घंटी वाजवू नका. लांबूनच ‘हॅलो’ म्हणा, वेग कमी करा आणि भरपूर अंतर ठेवून जा.

किलोमीटर मोजणं, चढ न मोजणं

पाट्यांवर मैल असतात, नकाशावरचा प्रत्येक निळा चौकोन मात्र एक किलोमीटरचा. ताम्हिणी किंवा वरंधा चढलेल्यांना इथले डोंगर बुटके वाटतात आणि ते फसतात. आपल्या घाटात एक गिअर धरून तास-दीड तास चढता येतं. इथे दोनशे मीटरचा खडा चढ, तितकाच उतार, परत चढ, असं दिवसभर चालतं. नकाशावर एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के चढ, दोन बाण म्हणजे त्याहून तीव्र. बाणाचं टोक उताराकडे असतं. दिवसात दोन-बाणांचे चार चढ येत असतील तर अंतर सरळ कमी करा. सपाट हवंच असेल तर नॉरफोक आणि फेन्स आहेत, पण तिथे वारा छळतो. वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, म्हणूनच व्हाइटहेवनहून निघणारी, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सी टू सी किंवा मोरकॅम ते ब्रिडलिंग्टन ही १७० मैलांची वे ऑफ द रोझेस लोक पश्चिमेकडून पूर्वेकडे करतात.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

बऱ्याच गावच्या पबांतलं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते संध्याकाळी सहाच्या सुमारास उघडतं. रविवारी लहान दुकानं लवकर मिटतात. चिवडा, शेंगदाण्याची चिक्की असं काही बॅगेत असू द्या.

सप्टेंबरपासून शेतकरी कुंपणं यंत्राने छाटतात आणि हॉथॉर्नचे काटे रस्त्यावर पसरतात. ताजी छाटणी दिसली की त्या पट्ट्यातून सायकल उचलून नेलेली बरी. पंक्चर झालंच, तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढा, नाहीतर पाच मिनिटांत पुन्हा तेच.

मोटारसायकली अडवायला लावलेल्या लोखंडी चौकटींत पॅनियरसकट सायकल अडकते. जोर लावू नका, सामान काढून दोन फेऱ्यांत न्या.

परतीची रेल्वे शेवटच्या क्षणावर सोडू नका. लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांत सायकलची जागा आधी राखावी लागते, आणि गर्दीच्या वेळी लंडनच्या गाड्यांत न दुमडणारी सायकल बऱ्याचदा घेत नाहीत. रविवारी रुळांची कामं निघाली की गाडीऐवजी बस येते. तिच्यात सायकल घेतीलच असं नाही, म्हणून शक्य असेल तर टूर शनिवारी संपवा.