हातात ॲप असलेल्या पार्टीला अजिंठा कसा दाखवायचा

मागच्या सिझनला नागपूरची एक फॅमिली होती, बाप आल्या आल्याच म्हणाला ॲप आहे ना, गाईड कशाला, तरी बायकोने हट्ट केला म्हणून मी सोबत. अजिंठ्याच्या १० नंबर लेण्यात पोचलो तर त्यांचा पोरगा कानातला इअरफोन काढून विचारतो, काका तो स्तूपासमोर बसलेला बुद्ध कुठंय? म्हटलं बाळा इथं नाहीये, इथला स्तूप साधाच आहे. मोबाईल बघितला तर चालू होतं वेरूळचं १० नंबर, विश्वकर्मा, आपण सुतार लेणं म्हणतो ते! दोन्हीकडे १० नंबर, दोन्ही चैत्यगृहं, म्हणजे आत स्तूप असलेली पूजेची लेणी, पोराने चुकीचं दाबलं, झालं.

तर नवीन पोरांनो, पहिलं म्हणजे ॲपशी भांडू नका. जे ॲप सांगतं ते आपण पाठ म्हणून दाखवायचं बंद करा. २८ एप्रिल १८१९, जॉन स्मिथ, शिकारीला आलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली, हे आता चौथीतल्या पोराला पण मोबाईलवर मिळतं. पण त्याने १० नंबरमधल्या खांबावर खरडलेलं नाव नेमकं कुठंय ते बोटाने दाखवायला माणूसच लागतो. लोक समोर शोधत बसतात आणि ते असतं डोक्याच्या वर, कारण तेव्हा आत राडारोडा भरलेला होता आणि हा बाबा त्याच्यावर उभा होता. आधी दोन मिनिटं शोधू द्या, मग मान वर करायला लावा. बघा चेहरे कसे होतात.

तयारी आदल्या रात्रीच व्हॉट्सॲपवर करायची. फर्दापूरच्या टी जंक्शनचं लोकेशन, गाडी तिथंच लावून पुढे शटल बस आहे हे, तिकिटाची लिंक, आणि सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद हे ठळक अक्षरात, कारण अजूनही लोक नेमकं उलटं करून येतात. मॅप आणि ऑडिओ हॉटेलच्या वायफायवरच डाऊनलोड करायला सांगा, लेण्यांच्या घळीत रेंजचा काही भरवसा नाही.

आता खरं काम. एक टॅब घ्या, सेकंडहँड चालेल, पण स्क्रीन चांगली पाहिजे. १ नंबरच्या बाहेर सावलीत सगळ्यांना बसवून आतल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राचा फोटो झूम करून दाखवा, हातातलं निळं कमळ, झुकलेली नजर, मग महाजनक जातकाची, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्माची गोष्ट तिथंच सांगून टाका. आत गेल्यावर गप्प राहायचं. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ लागतो, गर्दी मागून ढकलत असते, पण कुठं बघायचं हे माहीत असल्यामुळे माणूस थेट चित्रापाशी जातो. जुने गाईड आरशाने नाहीतर पांढऱ्या कापडाने बाहेरचं ऊन आत फिरवायचे, आता ते काम टॅब करतो असं समजा. फ्लॅश बंद आणि मोबाईलचा टॉर्च चित्रावर मारायचा नाही, हे मात्र आत जायच्या आधी प्रत्येकाला सांगायचं, लाजायचं नाही.

मोठी पार्टी असेल तर व्हिस्पर सेट भाड्याने घ्या, म्हणजे माईक तुमच्याकडे आणि इअरपीस त्यांच्या कानात. चैत्यगृहात आवाज घुमतो, ओरडून सांगितलं तर शेजारच्या गाईडचं पण वाटोळं होतं. २६ नंबरमध्ये महापरिनिर्वाणाच्या, म्हणजे शेवटच्या क्षणी आडव्या झालेल्या बुद्धाच्या त्या सात मीटर लांब मूर्तीपाशी तुम्ही हळू बोललात तरी शेवटच्याला ऐकू जातं. इअरपीस पुसून द्या, एवढं तरी करा.

परदेशी लोकांशी बोलताना भाषांतराचं ॲप जेवण, बाथरूम, बसची वेळ याला मस्त, पण विषयाला भरवशाचं नाही. आपल्याकडे गुहा वेगळी आणि माणसाने कोरलेलं लेणं वेगळं, त्याला दोन्ही सारखंच. त्यामुळे चैत्य, विहार (भिक्षूंच्या राहण्याचं लेणं), जातक असे पंधरावीस शब्द त्यांच्या भाषेत स्वतः पाठ करा.

एआयचा माझा वापर उलटा आहे. मी त्याला माहिती विचारत नाही, मी माझं बोलणं त्याला टाईप करून देतो आणि म्हणतो दहा वर्षांचं पोर यावर काय काय विचारेल ते सांग. प्रश्न भारी काढतं. उत्तरं मात्र पुरातत्त्व खात्याच्या पुस्तकातनं नाहीतर जुन्या गाईडकडून पक्की करायची, कारण ते चुकलं तरी छाती ठोकून सांगतं.

पैशाचं काय सांगायचं, क्यूआर ठेवा, लायसन्स नंबर प्रोफाइलवर टाका, रिव्ह्यू शटलमध्ये बसल्या बसल्या मागा, घरी गेल्यावर कोणी लिहीत नाही.

आणि हो, पॉवर बँक आणि सगळ्या पिनांची केबल बॅगेत पाहिजेच. फोटो काढून काढून २६ नंबरपर्यंत निम्म्या पार्टीचे मोबाईल मेलेले असतात. त्या नागपूरच्या बापाने शेवटी माझा नंबर सेव्ह केला तो माझ्याच पॉवर बँकला लावलेल्या मोबाईलमध्ये, म्हणे पुढच्या वर्षी वेरूळला येतोय.