पांढरी पडणारी पिल्लं

आमच्या लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या डुकरिणीची पिल्लं जन्मतः ठणठणीत असायची. दहा-बारा दिवसांची झाली की कान फिकट, अंगावरचे केस राठ, आणि थोडं पळालं तरी धाप. त्यातली चांगली वजनदार पिल्लंच आधी जायची, याचं फार वाईट वाटायचं. आधी वाटलं हगवण असेल, पण शेण घट्ट होतं.

पशुवैद्यांनी पिल्लाची खालची पापणी ओढून दाखवली. आतली त्वचा गुलाबी हवी, ती कागदासारखी पांढरी होती. लोहाची कमतरता! पिल्लाला रोज साधारण ७ मिलिग्रॅम लोह लागतं, आईच्या दुधातून मिळतं जेमतेम १. मोकळ्यावरची पिल्लं माती उकरून उरलेलं भरून काढतात. आमची शेड सिमेंटची, माती मिळणार कुठून? जे पिल्लू भराभर वाढतं, त्याला रक्तही जास्त लागतं, म्हणून तेच आधी ढासळतं.

आता तिसऱ्या दिवशी प्रत्येक पिल्लाला २०० मिलिग्रॅम आयर्न डेक्स्ट्रान, म्हणजे लोहाचं इंजेक्शन, कानामागे मानेच्या स्नायूत. सुई टोचण्याआधी कातडी बोटाने थोडी सरकवायची, म्हणजे सुई काढल्यावर भोक झाकलं जातं आणि औषध बाहेर येत नाही. मांडीत देऊ नका, तिथल्या मांसावर डाग राहतो. मादीच्या खुराकात लोह वाढवून भागत नाही, ते दुधात फारसं उतरतच नाही.

एका पिल्लामागे खर्च किरकोळ आहे. पिल्लू दगावलं तर मादीच्या गाभणपणातल्या जवळजवळ चार महिन्यांचा खुराक वाया जातो.