रॉडला गाईड निवडताय? या चुका टाळा

मासे धरायचा रॉड स्वतः बांधायला घेतला की बरेच जण ब्लँकसोबतच (म्हणजे रॉडची नुसती काठी) गाईडचा सेटही मागवून मोकळे होतात. गाईड म्हणजे रॉडवर बांधायच्या रिंगा, ज्यांतून लाइन म्हणजे गळाची दोरी जाते. 'सात फुटी रॉडसाठी' असं लिहिलेली पुडी येते, त्यातले आठ-नऊ गाईड ओळीने बांधले की झाला रॉड, असा हिशेब. इथेच गाडी रुळावरून घसरते. रील कोणतं, लाइन कोणती, पाणी कसं आणि मासा कोणता, हे ठरल्याशिवाय गाईड घ्यायचेच नसतात. गोसेखुर्द किंवा इटियाडोह धरणाच्या मोकळ्या पाण्यात रोहू-कतल्यासाठी ढेपेचा गोळा लांब फेकणारा रॉड आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात कमळाच्या पानांवरून रबरी बेडूक ओढत मरळ काढणारा रॉड, दोन्ही सात फुटांचे असू शकतात. गाईड मात्र दोघांचे वेगळे लागतात.

पहिल्या गाईडची चूक पुढे निस्तरत नाही

स्पिनिंग रील रॉडखाली लटकतं आणि फेकताना त्याचा स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली फिरकी, फिरत नाही. त्यामुळे लाइन सरळ सुटत नाही, मोठमोठी वेटोळी घेत सुटते. ही वेटोळी आवळून लाइन सरळ करणं हे रीलजवळच्या पहिल्या दोन-तीन गाईडचं काम. म्हणून पहिला गाईड मोठा आणि उंच लागतो, त्यानंतरचे भराभर लहान होत जातात. 2500 किंवा 3000 या मापाचं रील असेल तर पहिला 25 नंबरचा, मग 16, 10, 8 आणि तिथून टिपपर्यंत 6, ही चालणारी मांडणी आहे. धरणावर 4000 च्या वरचं रील आणि जाड लाइन वापरणार असाल तर सुरुवात 30 किंवा 40 पासून करा. हा नंबर म्हणजे साधारणपणे रिंगचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आतलं भोक त्याहून लहान असतं, हे मागवतानाच ध्यानात घ्या.

पहिला गाईड स्पूलच्या तोंडापासून 18 ते 24 इंचांवर बसतो. रीलच्या फार जवळ आला तर वेटोळी त्याच्या तोंडाशी तुंबतात, बारीक ब्रेडेड (धागे विणून केलेल्या) लाइनच्या गाठी पडतात. फेकताना ब्लँकवर फटफट आवाज येतो आणि गोळा अर्ध्यातच पडतो, याचं कारणही बहुतेक वेळा इथेच सापडतं: लाइन ब्लँकला आपटतेय. गाईड इंच-इंच पुढेमागे सरकवून फेकून बघा, फरक लगेच कळतो. बेटकास्टर रीलची गोष्ट निराळी. ते रॉडच्या वर बसतं आणि फेकताना त्याचा स्पूलच फिरतो. तिथे लाइन वेटोळी घेत नाही, त्यामुळे ठेंगणे आणि लहान गाईड पुरतात. बेटकास्टरचा सेट स्वस्त मिळाला म्हणून स्पिनिंग रॉडवर चढवणं हा मात्र पैशाचा नास.

किती लावायचे, हे रॉड वाकवून ठरवा

फुटाला एक गाईड आणि वर टिप-टॉप (शेंड्यावर चढवायची शेवटची रिंग), हा ढोबळ हिशेब सगळ्यांना पाठ असतो. सुरुवातीला तो ठीकही आहे. पण दोन ब्लँक सारखे वाकत नाहीत. एखादा फक्त शेंड्याला वाकतो, एखादा पार मुठीपर्यंत. त्यामुळे धागा गुंडाळायच्या आधी गाईड तात्पुरते बसवून बघायलाच हवेत. त्यासाठी वेगळं काही आणायला नको. सायकलच्या दुकानातून हातभर वॉलट्यूब आणा, तिच्या बारीक चकत्या कापा आणि गाईडच्या पायांवर, म्हणजे ब्लँकला टेकणाऱ्या पट्ट्यांवर, चढवा. ब्लँकच्या जाड भागाला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लागतील. टिपपासून पहिला गाईड 4 इंचांवर ठेवा, पुढची अंतरं थोडी थोडी वाढवत न्या.

आता रॉड मुठीशी घट्ट बांधून तिरपा उभा करा. रीलमधली लाइन सगळ्या गाईडमधून ओवून खाली कापडी पिशवी लटकवा आणि पिशवीत हळूहळू वाळू भरत जा. रॉडचा वरचा अर्धा भाग नीट वाकला की थांबा. बाजूला उभं राहून बघा: लाइन ब्लँकच्या वळणासोबत चालतेय, की एखाद्या गाईडपाशी काटकोनात मोडतेय? स्पिनिंग रॉडमध्ये दोन गाईडच्या मधे लाइन ब्लँकपासून फार लांब सुटत असेल तर तिथे गाईड कमी पडतोय. बेटकास्टरमध्ये गाईड वरच्या अंगाला असतात, तिथे वाकलेल्या ब्लँकवर लाइन घासली किंवा बाजूने खाली घसरली की समजायचं, अजून एक हवा. गाईड सरकवा, पुन्हा वजन लावा. ज्या ठिकाणी लाइन मोडते, तिथेच मोठा मासा लागल्यावर सगळा ताण येतो आणि रॉडही तिथेच तुटतो.

यावर ठरलेला प्रश्न येतोच, "भाऊ, दुकानातल्या रॉडले तं पाचच होते, मंग आपण काऊन आठ लावायचे?" स्वस्त रॉडमध्ये गाईड कमी लावले की खर्च वाचतो, एवढंच त्याचं उत्तर. हात सैल सोडून दहा-बारा लावणंही बरोबर नाही. शेंड्यावर प्रत्येक गाईडचं, धाग्याचं आणि इपॉक्सीचं वजन चढत जातं, आणि चांगला चपळ ब्लँक मंद होतो.

रिंगचा कस

नायलॉनच्या मोनो लाइनला जवळपास कोणतीही गुळगुळीत रिंग चालते. बांबूला सायकलच्या आऱ्याच्या कड्या बांधून लोक मासे काढतातच, त्यात गैर काही नाही. ब्रेडेड लाइन आली की हिशेब बदलतो. ही लाइन पाणी पिते आणि तलावाच्या गाळातली बारीक रेती धाग्यांत धरून ठेवते, मग ती रिंगमधून कानशीसारखी फिरते. मऊ तारेवर नुसता क्रोमचा मुलामा असेल तर तिथे हळूहळू खाच पडते. ती खाच मग लाइन कापते. म्हणून ब्रेडेडसाठी निदान ॲल्युमिनियम ऑक्साइडची सिरॅमिक रिंग घ्या. सिलिकॉन कार्बाइड त्याहून कठीण आणि गुळगुळीत असते, उष्णताही लवकर सोडते, पण महाग. माझं मत विचाराल तर सगळे महाग घेण्यापेक्षा टिप-टॉप तेवढा सिलिकॉन कार्बाइडचा घ्या. सर्वांत जास्त घासण तिथेच होते.

सिरॅमिक कठीण असली तरी ठिसूळ. मोटारसायकलला बांधून कच्च्या रस्त्याने नेलेल्या रॉडच्या रिंगला तडा जातो आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. लाइन एकाच अंतरावर पुन्हा पुन्हा तुटायला लागली की लाइनच्या कंपनीला शिव्या घालण्याआधी कान साफ करायची कापसाची काडी घ्या. प्रत्येक रिंगच्या आतून ती गोल फिरवा. तडा असेल तिथे कापसाचे तंतू अडकून राहतात.

अगदी बारीक मायक्रो गाईडचा मोह आपल्याकडे आवरा. लीडरची (लाइनच्या टोकाला जोडलेल्या वेगळ्या तुकड्याची) गाठ त्यांत अडखळते, आणि शेवाळाने भरलेल्या तलावात दर दोन फेकींमागे रिंग बुजते.

एक पाय की दोन

मरळीच्या रॉडवर 40-50 पौंडांची ब्रेडेड लाइन असते, आणि मासा बेशरमाच्या झुडपांत शिरायच्या आत ओढून काढायचा असतो. तिथे खालचे निदान तीन-चार गाईड दोन पायांचे हवेत. रोहूच्या हलक्या रॉडला पहिला किंवा पहिले दोन पुरे, वरचे एकपायी ठेवा.

बांधताना होणारे घोळ

गाईडच्या पायाचं टोक कारखान्यातून बोथट येतं. तसंच बांधलं तर धागा पायावर चढताना तिथे फट राहते, आणि वाकल्यावर टोक ब्लँकमध्ये रुततं. बारीक कानशीने टोक उतरतं करा, खालची धारही मोडा. दोन तुकड्यांचा रॉड असेल तर जोडावर गाईड येऊ देऊ नका.

टिप-टॉपच्या नळीचं माप बऱ्याचदा इंचाच्या 64 व्या भागात देतात, म्हणजे 5 नंबर सुमारे 2 मिलिमीटर. नळी घट्ट होतेय म्हणून ग्रॅफाइटची टिप घासून बारीक करू नका, पुढच्या नंबरची मागवा. चिकटवायला इपॉक्सी नको, गरम करून लावायचा टिप ग्लू घ्या. उद्या रिंग फुटली तर गरम करून काढता येते. साध्या ग्लू गनची काडी मात्र मे महिन्यात टिनाच्या छपराखाली किंवा उन्हातल्या गाडीत मऊ पडते आणि टिप-टॉप फिरतो.

धाग्यावरची इपॉक्सीही उन्हाळ्यात दगा देते. चंद्रपूरच्या 45 अंशांत दुपारी कालवली तर पहिले चार गाईड होईस्तोवर वाटीतच घट्ट होते. पहाटे करा, थोडी थोडी कालवा, दोन्ही भाग सुईच्या सिरिंजने सारखे मोजून घ्या. भर पावसाळ्यात हवेतल्या ओलीने तिच्यावर पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरड्या दिवसाची वाट बघा. लेप ओघळू नये म्हणून रॉड हळूहळू फिरत राहावा लागतो. गणपतीच्या आराशीतली संथ फिरणारी मोटर या कामाला चालते. आणि लेप लावायच्या आधी एक डोळा मिटून मुठीकडून टिपपर्यंत बघा. सगळ्या रिंगा एका रेषेत नसतील तर धाग्याखाली गाईड अजून अंगठ्याने सरकतो.